चिखल दीड किलोमीटर, डांबर सव्वाशे

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

टायर हा काही भाषणाचा विषय नव्हे, असे आमच्या घरच्यांचे मत पडले. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ज्यांच्या दारात पिकअप उभी असते, त्यांना विचारून पाहा. मृग जवळ आला की त्या घरात एक वाद हमखास होतो. यंदा चिखलाचे टायर टाकायचे, की साध्यावरच भागवायचे?

वादाला कारण आमचा मुलूखच आहे. बदलापूर स्टेशनाबाहेर पडून बारवी धरणाच्या दिशेने निघालात, की मुख्य रस्त्यावर फारशी अडचण नाही. पण तो सोडून शेताकडे, वीटभट्टीकडे किंवा एखाद्या वाडीकडे वळलात, की पहिल्या पावसानंतर चाकाखाली काय येईल याचा नेम नाही. कुठे मुरमावर पातळ राडा, कुठे भातखाचराच्या कडेचा चिकट गाळ, कुठे ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या. आणि हीच पिकअप, याच चार टायरांवर, रात्री दोन वाजता भाजी भरून शीळफाटा, महापे करत वाशीच्या बाजारात जाते. एकाच पायताणाने नांगरही धरायचा आणि पळण्याच्या शर्यतीतही उतरायचे, असा हा प्रकार.

मी एस.टी.त होतो. नोकरीची बरीचशी वर्षे आगारातल्या टायर विभागात गेली. प्रवाशाला ड्रायव्हर दिसतो, कंडक्टर दिसतो. टायरवाला दिसत नाही, आणि तो दिसण्याची वेळ येऊ नये हेच बरे. निवृत्तीनंतर या विषयाशी संबंध संपेल असे वाटले होते, पण पुतण्याने पिकअप घेतली. थोरले बंधू गेल्यापासून ते घर त्या गाडीच्या भाड्यावर चालते, आणि गाडीचे हप्ते अजून फिटायचे आहेत. त्यामुळे मी त्यात नाक खुपसतो, आणि तो बिचारा खुपसू देतो.

गेल्या मे महिन्यात तो मोबाइलवर एक फोटो घेऊन आला. "काका, हे बघा. हे चार टाकले की गाडी कुठेच फसणार नाही."

फोटोतला टायर दांडगा होता. रबराचे बोटभर उंच ठोकळे, दोन ठोकळ्यांच्या मध्ये अंगठा सहज जाईल एवढी फट, कडेलाही दाते. रुबाबदार दिसतो, खोटे कशाला बोला. त्याच्या दोन मित्रांनी तसे टाकलेही होते. मी त्याला नाही म्हटले नाही. एक वही दिली आणि सांगितले, "अरे, पंधरा दिवस रोजचे किलोमीटर लिहून काढ. डांबर-काँक्रीटवर किती, आणि पावसात चिखल होईल अशा वाटेवर किती. मग बोलू."

वही आली. दिवसाला साधारण सव्वाशे किलोमीटर. त्यात कच्ची वाट दीड किलोमीटर, तीही जाऊन-येऊन धरून. आणि त्या दीड किलोमीटरमध्ये गाडी खरोखर रुतावी अशी जागा एकच, ओढ्याजवळचा तीनशे पावलांचा उतार. हे आकडे आमच्या घरचे. तुमचे वेगळे असतील. पण वही न घालता टायर घेणे म्हणजे पायाचे माप न देता चप्पल घेणे.

आता त्या दांडग्या टायरची बाजूही नीट मांडली पाहिजे. चिखलात साधा टायर का हरतो? त्याच्या नक्षीच्या बारीक खाचा चिखलाने भरून जातात आणि टायर गुळगुळीत लाटण्यासारखा होतो. चाक जागच्या जागी फिरते, गाडी हलत नाही. चिखलाच्या टायरच्या फटी रुंद असतात, त्यामुळे फिरता फिरता भरलेला चिखल बाहेर फेकला जातो आणि पुढच्या फेऱ्याला ठोकळा पुन्हा मोकळा होऊन जमिनीत रुततो. खोल गाळात या टायरला तोड नाही. ज्याच्याकडे चारही चाकांना जोर देणारी गाडी आहे, ज्याचे काम दिवसभर खाणीत, जंगलात किंवा धरणाच्या कामावर आहे, त्याने तो खुशाल घ्यावा. पण आपली मालवाहू पिकअप सहसा मागच्या दोनच चाकांवर ढकलली जाते. रिकामी असली की तिचा मागचा भाग हलका, आणि जोर देणारी चाके नेमकी तिथेच. गाडीचे पोट एकदा चाकोरीच्या मधल्या वरंब्यावर टेकले, की चाके अधांतरी. मग टायर कोणताही असो, ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

दुसरे असे, की आपल्याकडचा बराच चिखल हा खोल गाळ नसतो. खाली मुरमाचा कठीण थर आणि वर चार बोटे राडा, असा तो असतो. त्यात रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. अरुंद टायर राडा कापून खालचा कठीण थर गाठतो. जुन्या जीपगाड्यांचे टायर अरुंद असत, आणि त्या गाड्या खेड्यापाड्यांत कुठेही जात. रुंद टायर फोटोत छान दिसतो, एवढाच त्याचा इथला गुण. शिवाय मापापेक्षा मोठा टायर वळणावर मडगार्डला घासतो, आणि टायरचा घेर पाच टक्के वाढला तर काटा शहात्तर दाखवत असताना गाडी ऐंशीने धावत असते.

आता डांबराकडे येऊ. माझ्या मते सगळा विषय इथेच आहे.

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी. टायरात पन्नास पौंड हवा आहे आणि त्या चाकावर नऊशे किलो वजन आहे असे धरा. गणित केले तर टायर रस्त्याला टेकतो ती जागा साधारण सोळा सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद भरते. तळहाताहून थोडी मोठी. चिखलाच्या टायरमध्ये त्या जागेतला बराच भाग फटींनी खाल्लेला असतो. उरलेले ठोकळे उंच आणि सुटे असल्यामुळे ब्रेक दाबला की आधी ते स्वतःच वाकतात. म्हणून ओल्या डांबरावर असा टायर साध्या चांगल्या टायरपेक्षा उशिरा थांबतो. किती उशिरा, ते टायरागणिक आणि रस्त्यागणिक बदलेल. आपण पकड एक पंचमांशाने कमी झाली एवढेच धरून हिशेब करू. ताशी ऐंशीने धावणारी गाडी ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून पन्नास मीटरांत थांबते असे समजा. पकड पाचवा हिस्सा कमी झाली तर तिला त्रेसष्ट मीटर लागतील. तेरा मीटरचा फरक. ऐकायला फार वाटत नाही. पण पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी दुसरी गाडी अजून ताशी छत्तीस किलोमीटरने धावत असते. समोर भाजीचा टेम्पो असेल, सायकलवाला असेल, शाळेची व्हॅन असेल. ताशी छत्तीसने बसलेली धडक माणूस मारायला पुरते.

आणि पिकअप म्हणजे नुसता माल नव्हे. बाजारातून परतताना हौद्यात चार शेतकरी बसलेले असतात. कायद्याला ते मान्य नाही, मलाही नाही, पण डोळ्यांना दिसते ते नाकारून काय उपयोग?

पुतण्याला मी हेच सांगितले. चिखलात टायर कमी पडला तर काय होते? गाडी रुतते. दोन तास जातात, भाजी सुकते, कपडे खराब होतात, ट्रॅक्टरवाल्याला पैसे द्यावे लागतात. हमरस्त्यावर टायर कमी पडला तर जे होते, ते पैसे देऊन परत मिळत नाही. शिवाय चिखलात टायरच्या मदतीला दुसऱ्या दहा गोष्टी आणता येतात. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबल्यावर मदतीला कोणी येत नाही.

यावर त्याचे उत्तर हुशारीचे होते. "काका, मग पावसाळ्यापुरते टाकू. दिवाळीला बदलू." थंड देशांत असे करतात हे खरे, बर्फाच्या मोसमाचे टायर वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे. पण आपल्याकडची गोम अशी आहे, की चिखलाचे चार महिने आणि ओल्या डांबराचे चार महिने हे एकच चार महिने आहेत. जून ते सप्टेंबर ज्या टायरची शेतवाटेवर आठवण होते, तो नेमका त्याच दिवसांत हमरस्त्यावर अंगाशी येतो. त्यातही पहिल्या दोन-चार सरींचा रस्ता सर्वांत वाईट. उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल पाण्यात कालवून त्याचे वंगण झालेले असते.

आता आपल्या देशी वहिवाटीबद्दल. उल्हासनगरात टायरची दुकाने पुष्कळ. त्या गावाच्या मालाविषयीचा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल. मी तो इथे सांगत नाही, कारण त्या दिवशी मला भेटलेला दुकानदार त्या विनोदाच्या अगदी उलट निघाला. १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालेल्या निर्वासित छावणीत ज्यांच्या वडिलांनी दुकान थाटले, अशांपैकी तो. पुतण्याने फोटो दाखवला तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला, "माल किती भरतो?" पुतण्याने खरा आकडा सांगितला. तो म्हणाला, "साईं, हा टायर जीपचा आहे. तुमच्या मालाखाली तो रडेल." महाग टायर विकायची संधी त्याने अशी हातची घालवली.

त्याचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. टायरच्या कडेवर माप लिहिलेले असते, समजा २१५/७५ आर १५. त्यापुढे आणखी एक आकडा असतो, तो लोक वाचत नाहीत. तो असतो भाराचा. १०० लिहिले असेल तर एका टायरने ८०० किलो पेलायचे. १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,००० आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. भरलेल्या पिकअपचे एकूण वजन तीन टन धरले आणि त्यातले एकोणीसशे किलो मागच्या दोन चाकांवर आले, तर एकेका टायरवर साडेनऊशे झाले. तिथे १०० आकड्याचा टायर, मग तो दिसायला कितीही राकट असो, रोज दीडशे किलो जास्त ओझे वाहणार. एकाच मापाचा टायर प्रवासी जीपसाठी वेगळा आणि मालवाहू गाडीसाठी वेगळा मिळतो, हे ध्यानात ठेवा. दाते मोजू नका, भार मोजा.

मग त्याने आम्हाला मागच्या बाजूला नेले आणि दोन जुने शब्द काढले, रिब आणि लग. ट्रकवाल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. रिब म्हणजे ज्या टायरवर घेरासोबत सरळ लांब पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये सरळ खाचा असतात. तो हलका धावतो, सरळ रेषेत राहतो, वळण नेमके घेतो आणि खाचांतून पाणी वाहून नेतो. म्हणून तो पुढे, स्टिअरिंगच्या चाकांना. लग म्हणजे ज्यावर आडवे जाड दांडे असतात. तो जमिनीला धरून ढकलतो, म्हणून तो मागे, जोर देणाऱ्या चाकांना. आपल्या मालवाहू गाड्यांनी वर्षानुवर्षे पुढे रिब आणि मागे लग असाच संसार केला. चिखल आणि हमरस्ता यांचा झगडा आपल्या ड्रायव्हर मंडळींनी असा मिटवला होता, चार टायरांना दोन कामे वाटून देऊन. परदेशी फोटोंत चारही चाकांना एकच दांडगी नक्षी दिसते, ती चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची असते.

या दोघांच्या मध्ये सेमी-लग नावाचा प्रकार आहे. मधे सलग पट्टी, कडेला आडवे दांडे. डांबरावर मधली पट्टी काम करते, चिखलात चाक खाली गेले की कडेचे दांडे कामाला लागतात. आमच्या वहीचा हिशेब या टायरशी जुळला. पुढे दोन रिब, मागे दोन सेमी-लग, चारही रेडियल, चारही मालवाहू भाराचे. फोटोतल्या टायरांपेक्षा एकेका नगामागे दोन-अडीच हजार रुपये वाचले. एका गोष्टीवर मी आडून बसलो: एका आसावरचे दोन्ही टायर एकाच बनावटीचे, एकाच नक्षीचे. एका बाजूला रेडियल आणि दुसऱ्या बाजूला नायलॉन अशी गाडी ब्रेक दाबला की एका अंगाला ओढते. स्वस्तात मिळाला म्हणून एकच टायर बदलणारे हे विसरतात.

कंपनी कोणती, हे मला पुष्कळ जण विचारतात. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांच्या मालवाहू टायरांत मला इतका फरक दिसला नाही, की त्यावर भांडावे. तारीख मात्र बघा. कडेवर चार आकडी छाप असतो. २३२५ असेल तर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला टायर नवा म्हणून घेऊ नये.

जुन्या टायरांविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे अर्धा बाजार त्यांचा आहे. रबर चढवलेल्या टायरला मी वाईट म्हणणार नाही. एस.टी.च्या स्वतःच्या टायर पुनःस्तरीकरणाच्या कार्यशाळा आहेत, आणि सांगाडा शाबूत असेल तर तसा टायर मागच्या चाकाला इमानाने चालतो. पुढच्या चाकाला मात्र घालू नये. पण रस्त्याकडेला गोटा झालेल्या टायरवर गरम पात्याने खाचा कापून देतात, ते पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. त्या खाचा नव्या रबरात नसतात. उरलेसुरले रबर कापून आत धाग्यांपर्यंत पोचलेल्या असतात. चिखलात चालेल, म्हणून लोक ते घेतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच टायरांवर घाट उतरतात.

खाच किती उरली म्हणजे टायर संपला? मोटार वाहन नियमांप्रमाणे अशा गाड्यांना किमान १.६ मिलिमीटर खोली हवी. गॅरेजमध्ये मोजपट्टी असते, घरी नसते. अंबरनाथला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना होता, तिथल्या माणसाला शोभेल असा एक उपाय मी वापरतो. काडेपेटीतली काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. ती खाचेत आडवी ठेवा. टायरच्या पृष्ठभागाच्या वर आली, तर कायद्याची हद्द जवळ आली आहे. पावसाळ्यासाठी मी एवढ्यावर थांबत नाही. दीड काडी तरी बुडाली पाहिजे.

आता ज्या दहा गोष्टींचा मी उल्लेख केला, त्यांतल्या काही सांगतो.

पहिली म्हणजे वाटच दुरुस्त करणे. आमच्या त्या तीनशे पावलांच्या उतारावर भट्टीवरच्या जास्त भाजून काळ्या पडलेल्या झामा विटा आणि मुरूम मिळून पाच खेपा टाकल्या. तीन शेजाऱ्यांनी वर्गणी काढली. टायरांत वाचलेल्या पैशांतून आमचा वाटा निघाला, वर थोडे उरले. टायर तीन वर्षांत झिजेल, भराव दर वर्षी थोडा डागडुजीला मागेल, पण त्याचा फायदा सायकलवाल्यालाही होतो आणि दवाखान्यात जाणाऱ्या बाईलाही होतो.

गाडीत एक फावडे, दोन गोणपाट, जाड दोर आणि भाताचा थोडा पेंढा ठेवावा. रुतलेल्या चाकासमोर गोणपाट आणि पेंढा टाकला, की निम्म्या वेळा गाडी निघते. चाक फिरायला लागले की जोर वाढवू नये, थांबावे. जितके फिरवाल तितका खड्डा खोल. दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, अर्ध्यात न थांबता पलीकडे जावे. रिकामी गाडी असेल तर मागच्या आसावर वाळूच्या चार-पाच गोण्या टाकाव्यात. आणि शेतातून डांबरावर चढताना दोन मिनिटे थांबून चाकांत अडकलेला चिखल काढावा. दात्यांच्या टायरांनी आणलेली ढेकळे नाक्यावर पडतात आणि मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावरून घसरतो. तो कोणाच्या टायरने पडला हे त्याला कधी कळतही नाही.

हवा कमी करण्याची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि चिखलात पकड वाढते. खरे आहे, पण दोन अटींवर. गाडी भरलेली नको, आणि डांबरावर चढण्याआधी हवा परत भरली पाहिजे. हौद्यात पायाचा पंप ठेवत नसाल, तर हवेला हात लावू नका. कमी हवेचा टायर भाराखाली दर फेऱ्याला दुमडतो, तापतो आणि घाटात किंवा लांबच्या काँक्रीटवर फाटतो. समृद्धी महामार्ग आता आपल्या दाराशी आला आहे. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपर्यंतचे ७०१ किलोमीटर पुरे झाले. मालवाहू गाडीला तिथे ताशी ८० ची मर्यादा आहे. पण सलग ऐंशीने तासन् तास धावणे ही टायरची वेगळीच परीक्षा आहे. आपल्या जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर तो मधून मधून थंड तरी होत असे.

हवेचा पाण्याशीही संबंध आहे. साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी होतात. विमानांच्या चाकांचा अभ्यास करताना अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या संशोधकांनी १९६० च्या दशकात यावर एक ढोबळ सूत्र काढले. टायर गुळगुळीत असेल किंवा पाणी खाचेपेक्षा खोल असेल, तर ३६ पौंड हवेला हा तरंगण्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास येतो. २५ पौंडाला तो ८३ वर उतरतो. शेतात हवा काढली आणि तसेच हमरस्त्याला लागलो, तर आपण स्वतःच धोक्याचा वेग सतराने खाली आणलेला असतो.

आणि पुराचे पाणी. आमच्या भागाला हे वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशी उल्हास नदीने काय केले ते इथल्या जुन्या माणसांना पाठ आहे. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. जिथे आगगाडी थांबली, तिथे पिकअपची काय कथा? पण मोठे टायर टाकले की माणसाला फरशीवरच्या पाण्यात गाडी घालण्याची हिंमत येते. त्या हिंमतीला आधार नाही. अमेरिकेचे हवामान खाते सांगते, की दोन फूट वाहते पाणी पिकअपसह बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकते. हवेने भरलेला मोठा टायर पाण्यात गाडीला धरून ठेवत नाही, उचलायला मदत करतो. पाणी फरशीवरून वाहत असेल तर गाडी अलीकडे लावावी, चहा प्यावा. भाजीचे नुकसान होईल, होऊ द्यावे.

पुतण्याचे पावसाळ्याचे चार महिने त्या टायरांवर गेले. गाडी दोनदा रुतली, दोन्ही वेळा पेंढ्यावर निघाली. मित्र अजून त्याला चिडवतात, कारण गाडी दिसायला साधी राहिली. त्यांच्यापैकी एकाने दिवाळीनंतर पुढचे दोन टायर बदलून रिब टाकले. हमरस्त्यावर आवाजाने कान किटतात, असे त्याने कारण दिले. मी जास्त विचारले नाही.

वेळ संपत आली, म्हणून एकच राहिलेली गोष्ट. चार टायरांचा एवढा विचार करतो आणि पाचव्याला विसरतो. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली टांगलेली असते. सगळा चिखल आधी तिच्यावर उडतो, तिची साखळी गंजते, आणि हवा कधी तपासली ते कोणाला आठवत नाही. बहुतेक स्टेपन्या गाडीबरोबर आलेल्या जुन्या मापाच्या किंवा वेगळ्या नक्षीच्या असतात. या मृगाआधी ती एकदा खाली उतरवा, काडी लावून खाच बघा, हवा भरा, साखळीला ग्रीस लावा आणि मगच परत टांगा.